न फाटणारा समुद्र

पूर्णगड
१४ जून २०२५

चि. हर्षद,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून ही बाई ईमेल कशाला लिहितेय, असं म्हणशील. अरे, तुझा फोन आला की बाबा हातातलं टाकून येतात आणि "स्पीकर लाव गो" म्हणतात. मग आपण दोघं मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखे बोलतो. जेवलास का, पाऊस आहे का, ठेवतो. बाबांबद्दल काही बोलायचं तर बाबांसमोर कसं बोलणार? म्हणून यापुढे खरं काय ते इथे लिहीन. तूही इथेच लिही.

तुझा कॉम्प्युटर पोचला. ट्रान्सपोर्टवाल्याने हातखंब्याला उतरवला आणि "पुढे तुमचं तुम्ही बघा" म्हणाला. बाबांच्या होडीवरचा सदू टेम्पो घेऊन गेला. भिजू नये म्हणून त्याने खोक्यांवर होडीची ताडपत्री टाकली, त्यामुळे तुझ्या महागड्या पडद्याला अजून सुक्या बांगड्याचा वास येतोय. माझ्या चष्म्याच्या दुकानाशेजारी कॉम्प्युटरवाला आहे, तो रत्नागिरीहून येऊन सगळं जोडून गेला. ते खेळातलं स्टिअरिंगही लावलं. बाबा त्याला सुकाणूच म्हणतात.

बाबांना होडीचा खेळ द्यायची तुझी कल्पना मला आवडली होती, हे आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी समुद्रात चक्कर येऊन ते होडीच्या काठावर कोसळले, सदूने सदरा धरला म्हणून वाचले. तू जहाजावर होतास, तुला नुसतं कळलं. मी त्यांना धक्क्यावर उतरवून घेतलं आहे. कानातला तोल बिघडलाय म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर जायची बंदी केली, तेव्हापासून आपल्या बाबांमधला होडी हाकणारा लवू तांडेल ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवतो. माणूस आतून सुकत चाललाय.

पण काल काय झालं ऐक. मोठ्या हौसेने बसले. खेळ सुरू झाला आणि समुद्र मधेच फाटला. म्हणजे वरचं अर्धं चित्र एकीकडे आणि खालचं जरा बाजूला, मधे आडवी चीर. शिवाय लाट चढताना चित्र अडखळतं. बाबा तोंडाला हात लावून मोरीकडे पळाले. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरात बोट लागली. मी हसले आणि मग मला फार वाईट वाटलं. "असला फाटका दर्या मी कदी बगलेला नाय," असं म्हणून त्यांनी त्यावर टॉवेल टाकलाय.

काही करता येत असेल तर सांग.

तुझी ताई
श्रद्धा

*

मलाक्काच्या सामुद्रधुनीत
२० जून २०२५

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. पत्र वाचून इंजिन रूममध्ये एकटाच हसत होतो, चीफने वर बघितलं. बाबांना म्हणावं, दर्या फाटका नाही, तुमच्या दुकानाशेजारचा माणूस अर्धवट आहे.

पडदा एका ठरलेल्या वेगाने चित्र बदलतो. कॉम्प्युटर मात्र ठरलेल्या वेगाने चित्र काढत नाही. शांत पाणी असलं की भराभर काढतो, मोठी लाट, फेस, पाऊस आला की त्याला वेळ लागतो. पडदा थांबत नाही, तो आपला बदलत राहतो. मग वर नव्या चित्राचा तुकडा, खाली जुन्याचा. तीच तुमची चीर. रापण ओढताना एका दोरावरची माणसं पुढे गेली की जाळं तिरकं होतं ना? तसंच. मग बाबा कसे ओरडायचे, "थांबा रे, त्यांस येऊंदे!" या पडद्यात ती थांबायची सोय आहे. व्हेरिएबल रिफ्रेश रेट म्हणतात. कॉम्प्युटरचं चित्र पुरं होईपर्यंत पडदा वाट बघतो आणि मगच बदलतो. चीर नाही, अडखळणं नाही. मी स्वतः याच्यासाठी तो पडदा घेतला होता.

त्या शहाण्याने जुनी केबल लावली असणार. खोक्यात काळी जाड केबल आहे ती लाव. मग पडद्याच्या मागे, उजव्या हाताला खाली एक बटण आहे, ते दाबलं की यादी येईल. त्यात "अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक" असेल, ती हीच सोय, ती चालू कर. बस.

आणि बाबांना सांग, नारळी पौर्णिमेला मी घरी आहे. सुकाणूवर मी असेन, नारळ मी सोडेन. खोटं खोटं स्टिअरिंग फिरवून झालं की मला कसं वळवायचं ते ओरडून सांगायला धक्क्यावर उभे राहा म्हणावं.

हर्षद

*

पूर्णगड
३ जुलै २०२५

चि. हर्षद,

तू जादूगार आहेस. केबल बदलली, बटण दाबलं आणि तो पडदा पडदा राहिलाच नाही. लाट येते ती सलग येते, उचलते, खाली ठेवते. मी दारात उभी होते तर माझेच पाय सरकल्यासारखे झाले. बाबांचे डोळे भरले होते, ते मला दिसू नये म्हणून चष्मा पुसत बसले.

आता रोजचं हेच. मी दुकानातून येते तेव्हा सदू आणि बाबा दोघं पडद्यापुढे. खुर्ची सोडून बाबा उभ्यानेच सुकाणू धरतात आणि सदूला हुकूम सोडतात. तो बिचारा घरात "होय तांडेल" म्हणत हवेतला दोर ओढतो. दृश्य बघायला तिकीट लावायला हवं. संध्याकाळचं काळं आभाळ आलं की पडदा मधे मधे लुकलुकतो, पण बाबांचं म्हणणं ती वीज आहे आणि अगदी बरोबर आहे.

एक मात्र मला खटकतं. ते परत येत नाहीत. खाडीच्या मुखातून निघतात, खडक टाळतात, सरळ बाहेर जातात आणि चारी बाजूंना पाणीच पाणी झालं की तिथेच बंद करतात. मी विचारलं, होडी धक्क्याला नाही लावायची? म्हणाले, "लावायला काय, ती कोण पन लावील."

आणखी एक. काल जेवताना म्हणाले, "बाय, माझी चक्कर गेली बग." चांगलं आहे ना? मीही खूश झाले.

श्रद्धा

*

हिंदी महासागर
१६ जुलै २०२५

प्रिय ताई,

आधी वाईट बातमी. माझ्या जागी येणाऱ्या माणसाचे कागद अडकलेत, कंपनीने मला सप्टेंबर अखेरपर्यंत ठेवून घेतलंय. नारळी पौर्णिमेला मी येत नाही. बाबांना आत्ताच सांगू नकोस. मी दोन-चार दिवस आधी फोनवर सांगेन, तेवढंच कमी दिवस वाईट वाटेल. यंदा नारळ सदू सोडेल. मला माहीत आहे, आपल्या घरचा माणूस सुकाणूवर असल्याशिवाय आईच्या नावाच्या होडीतून, सावित्रीतून, नारळ पडत नाही. पण काळ बदलला म्हणून समजाव.

लुकलुकणं वीज नाही, तो या सोयीचाच एक दोष आहे. चित्रांचा वेग एकदम खाली-वर झाला की काळोख्या रंगात उजेड हलतो. सोबत चित्र जोडलंय, त्यात दाखवल्याप्रमाणे वेगाला वरची मर्यादा घाल. मग कॉम्प्युटर उगाच धावणार नाही, वेग सारखा राहील आणि लुकलुकणं बरंच कमी होईल. म्हणजे मग खोट काढायला काही राहणारच नाही.

परत येत नाहीत त्याची कसली काळजी? खेळ असेल तिथे साठवला जातो. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू.

चक्कर गेली हे वाचून बरं वाटलं. डॉक्टरांपेक्षा माझा पडदा भारी निघाला म्हणायचा!

हर्षद

*

पूर्णगड
२७ जुलै २०२५

हर्षद,

मला भीती वाटतेय. उगाच वाटत असेल तर मला शिव्या घाल, पण वाच.

तू सांगितलंस तसं केलं, लुकलुकणं गेलं. त्या दिवसापासून बाबा त्याला खेळ म्हणत नाहीत. "मी जाऊन येतो" म्हणतात आणि पडद्यापुढे उभे राहतात.

काल गोळ्यांचा डबा पुसायला घेतला तर चकरेच्या गोळ्यांची सगळी पाकिटं भरलेली. मी ओरडले. तर शांतपणे म्हणाले, "ज्या दुकन्याची गोळी, ता दुकना ऱ्हायला नाय. आदी पडद्यापुढं बोट लागायची, आता तास तास हुबा ऱ्हातो. तूच बगतंस ना?" मी बघते हे खरंच आहे. 

आज दुपारी सदू धावत आला. बाबांनी सावित्रीवरच्या झावळ्या उतरवल्या होत्या, एकट्याने. इंजिनात तेल घातलं होतं. मला बघून धक्क्याच्या कठड्यावर चढले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवलं. खाली भरतीचं पाणी होतं.  पडले नाहीत. पण शेवटी उतरताना त्यांनी सदूचा खांदा जसा घट्ट धरला ते मी बघितलं, आणि त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

तू येत नाहीस हे त्यांना कळलंय. मी सांगितलं नाही, आईची शपथ. "त्याचा आवाज खाली पडला की मना कळता," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मी जाते नारळ घेऊन, मीही घरचीच आहे. बाईमाणूस नारळ सोडणार म्हटल्यावर सदूनेच कपाळाला हात लावला. बाबा रागावले मात्र नाहीत.

काय करू सांग.

श्रद्धा

*

डर्बनच्या बाहेर, नांगरावर
३१ जुलै २०२५

ताई,

उगाच वाटत नाहीये. तुझं पत्र वाचल्यापासून मी स्वतःलाच शिव्या घालतोय, मूर्खपणा माझाच आहे.

नीट समज. त्यांना पडद्यापुढे जी चक्कर यायची ती कानाची नव्हतीच. ती फाटक्या, अडखळत्या चित्राची होती, ती कुणालाही येते, मलाही आली असती. मी चित्र दुरुस्त केलं, ती गेली. कानातला बिघाड होता तिथेच आहे. घरात जमीन हलत नाही, त्यांचे पाय पक्क्या लादीवर असतात, म्हणून तो कळत नाही. होडी खरोखर हलली की कळेल, आणि तेव्हा सदरा धरायला कुणी असलं तर ठीक. यात मी "डॉक्टरांपेक्षा भारी" म्हणून विनोद केला. त्यांना हे समजावून सांगायचा प्रयत्न कर, पण ते ऐकतील असं मला वाटत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं ते कुणाच्या सांगण्यावरून कधी सोडत नाहीत.

म्हणून दुसरा उपाय. मागचं ते बटण दाब, यादीत "अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक" बंद कर. त्यांना कळू न देता. समुद्र परत फाटेल, चक्कर परत येईल. त्यांना वाटेल दुखणं आहेच, मग आपोआप घरी बसतील. फसवणूक आहे, मला कळतंय. पण पौर्णिमेचं उधाण आणि खाडीचं मुख डोळ्यांसमोर आण, मग लाज वाटणार नाही.

होडीची चावी मिळाली तर लपव.

हर्षद

*

पूर्णगड
४ ऑगस्ट २०२५

हर्षद,

केलं.

आधी समजावून बघितलं. कान, डोळे, लादी, सगळं. बाबा हसून म्हणाले, "चष्मे इकून तू डाक्टरीन झालीस काय गो?" मग काल रविवारी ते आंघोळीला गेले तेव्हा मी बटण दाबलं. आधी दोनदा दाराकडे बघून घेतलं, जशी काही घरात चोरी करतेय.

आले, उभे राहिले, "जाऊन येतो" म्हणाले. मुखापाशी पहिली मोठी लाट आली आणि चित्र फाटलं. त्यांनी डोळे चोळले. सुकाणू सोडलं नाही. लाटेमागून लाट घेत राहिले, घामाने सदरा भिजला, आणि शेवटी तिथेच खाली बसले आणि लादीवर ओकले. मी पुसायला गेले तर हात धरून म्हणाले, "ऱ्हांदे, मी पुसतो." त्यांनीच पुसलं.

बटणाबिटणाचा संशय नाही. चीर दिसली का विचारलं तर म्हणाले, "डोळ्यापुढं आली खरी. आता डोळ्यांवर पन आली वाटता." दुपारभर आईच्या फोटोखाली बसून होते. मग सदूला बोलावून सांगितलं, यंदा नारळ तूच सोड. सदूने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. संध्याकाळी बाबांनी स्वतः नारळ सोलला, शेंडी नीट विंचरून ठेवली, हळदकुंकवाची पुडी बांधली. मला म्हणाले, "तू नको घाबरू."

सुटले बघ. त्यांचं तोंड बघवत नाही, पण सुटले. चावी मी लपवलेली नाही, ती त्यांनीच सदूला देऊन टाकली.

श्रद्धा

*

डर्बन
६ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

हुश्श. धक्क्याला लागलोय, उद्या नेट नीट मिळेल. मी पौर्णिमेला संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, बाबांना सदूचा नारळ पडताना मला दाखवायला सांग, म्हणजे त्यांना काम मिळेल.

पौर्णिमा झाली की ते बटण परत चालू कर. बिचाऱ्यांचा तेवढा समुद्र तरी आपण घ्यायला नको. सप्टेंबरात आलो की मी त्यांच्याशी बोलेन, खरं सांगेन, हवं तर चार शिव्या खाईन. आणि होडीत मधे बसवून, दोन्ही बाजूंनी धरून एकदा बाहेर नेऊन आणेन. डॉक्टरांना विचारूनच.

तू थकली असशील. एक दिवस रजा घे.

हर्षद

*

पूर्णगड
८ ऑगस्ट २०२५

हर्षद,

सकाळी उठले तेव्हा बाबांचं अंथरूण घडी घातलेलं होतं आणि नारळ जागेवर नव्हता. धक्क्यावर गेले तर सावित्री नव्हती. सदू घरी झोपलेला, काल बाबा त्याच्याकडून "तेल बगून येतो" म्हणून चावी घेऊन गेले होते. चांगल्या माणसाला संशय कसा येईल? तो तसाच दुसरी होडी घेऊन गेला. पाठोपाठ गावातल्या चार होड्या गेल्या. पोलीसपाटलांनी सगळीकडे कळवलंय. मुखावर उधाणाचं पाणी कसं उसळत होतं ते तुला लिहू शकत नाही.

गावाच्या होड्या भरती ओसरल्यावर परत आल्या. सदूच्या होडीत आपला नारळ होता. पाण्यावर तरंगत होता म्हणाला, मुखाच्या बराच बाहेर. हळदकुंकू अजून शेंडीला होतं. म्हणजे तिथवर ते पोचले. नारळ त्यांच्या हाताने पडला. सावित्री दिसली नाही. सदू पाणी पिऊन परत गेलाय.

कीबोर्डखाली तुझ्या नावाची चिठ्ठी होती. जशीच्या तशी देते.

"चि. हर्षद यास बाबांचा आशीर्वाद. तुझ्या कॉम्प्युटरने मला फार सुख दिले. चक्कर पार गेली होती, मी समजलो दुखणे बरे झाले. रविवारी ती परत आली, पहिल्यापेक्षा जास्त, आणि डोळ्यांवरही आली. त्यावरून मी समजलो की दुखणे गेले नव्हते, नुसते थांबले होते. आता ते वाढत जाणार. बरा असतो तर होडी तयार करून यंदाचा नारळ सदूच्या हाती दिला असता, तुझी वाट बघितली असती, पुढल्या वर्षी दोघे गेलो असतो. पण पुढल्या वर्षी मला उभे राहता येईल असे वाटत नाही. म्हणून जे करायचे ते यंदाच केले पाहिजे. तू येत नाहीस त्यात तुझा दोष नाही, नोकरी आहे. सदूला नेत नाही, त्याची पोरे लहान आहेत. नारळ सोडतो आणि लगेच वळतो. श्रद्धाला बोलू नकोस, तिने माझे फार केले आहे. तिला म्हणावे सोलकढी करून ठेव, दुपारी जेवायला येतो."

तू सांगितलंस आणि मी दाबलं. मला तुझ्यावर रागावायचं आहे, जमत नाहीये. ते थांबणार होते रे. बरे असते तर पुढल्या वर्षापर्यंत थांबणार होते.

सोलकढी झाकून ठेवली आहे. तू आता ईमेल लिहू नकोस, फोन कर. स्पीकर लाव म्हणायला घरात कुणी नाही.

ताई